नायनर्सचा ऑफसीझन आणि सॅलरी कॅपचा हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या (म्हणजेच नायनर्सच्या) मराठी चाहत्यांकडून हे प्रश्न दर मार्चमध्ये येतात. विचारणाऱ्यांत सनीव्हेल-फ्रीमाँटकडचे जुने प्रेक्षक असतात, नुकतेच बे एरियात उतरलेले असतात आणि पुण्या-ठाण्यातून पहाटे उठून सामने बघणारेही असतात. उदाहरणं बहुतेक २०२५ च्या ऑफसीझनमधली (दोन हंगामांमधल्या काळातली) घेतली आहेत, कारण त्या काही महिन्यांत संघानं कॅपचं जवळजवळ प्रत्येक हत्यार वापरून पाहिलं. रकमा डॉलरमध्येच आहेत, फक्त मिलियनऐवजी लाख-कोटीत. १ कोटी डॉलर म्हणजे तिकडचे १० मिलियन.

१. सॅलरी कॅप म्हणजे नेमकं काय? प्रत्येक संघाची वेगळी असते का?

एका वर्षात खेळाडूंच्या पगारापोटी संघाच्या खात्यावर किती रक्कम मांडता येईल, याची वरची मर्यादा म्हणजे कॅप. मूळ आकडा बत्तीसही संघांना एकच. २०२५ साठी तो २७.९२ कोटी डॉलर होता. १९९४ मध्ये कॅप पहिल्यांदा लागू झाली तेव्हा ३.४६ कोटी होती. आकडा लीगच्या उत्पन्नावरून ठरतो. २०२० च्या कामगार करारानुसार उत्पन्नाचा किमान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा, त्यामुळे टीव्हीचे करार फुगले की कॅपही फुगते. उलटही होतं: कोविडमध्ये स्टेडियम रिकामी राहिली आणि २०२० ची १९.८२ कोटींची कॅप पुढच्या वर्षी १८.२५ कोटींवर आली.

एका कारणामुळे मात्र प्रत्येक संघाचा प्रत्यक्षातला आकडा थोडा वेगळा असतो. गेल्या वर्षी न वापरलेली कॅप पुढे नेता येते. नायनर्सनी २०२४ मधून २०२५ मध्ये जवळपास ५ कोटी डॉलर असे पुढे आणले. ही शिल्लक पुढे प्रश्न ११ मध्ये कामाला येणार आहे.

२. म्हणजे आयपीएलच्या पर्ससारखंच ना?

मर्यादा आहे, एवढंच साम्य. २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक आयपीएल संघाकडे १२० कोटी रुपयांची पर्स होती. लखनौनं ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लावली, ते २७ कोटी पर्समधून गेले, विषय संपला. इकडे नायनर्सनी मे २०२५ मध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) ब्रॉक पर्डीशी २६.५ कोटी डॉलरचा पाच वर्षांचा करार केला आणि त्या वर्षीच्या कॅपवर त्याचे जेमतेम ९० लाख डॉलर लागले. हे कसं, ते प्रश्न ५ मध्ये.

शिवाय इथे लिलाव नसतो. कॉलेजमधून येणारी मुलं ड्राफ्टमधून येतात, म्हणजे संघ फेरीफेरीनं, ठरलेल्या क्रमानं त्यांची निवड करतात, त्यांचा पगार निवडीच्या क्रमांकानुसार जवळपास ठरलेला असतो, आणि ज्याचा करार संपला तो अनुभवी खेळाडू कुठे जायचं हे स्वतः ठरवतो. बोली लागते, पण बंद दाराआड, एजंटच्या फोनवर.

३. ऑफसीझन नक्की कधी सुरू होतो? भारतात असलो तर कधी जागायचं?

लीगचं नवं वर्ष मार्चच्या मध्यावर सुरू होतं. २०२५ मध्ये १२ मार्चला, न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी ४ वाजता. म्हणजे बे एरियात दुपारचा १, भारतात रात्रीचा दीड. पण जागरण करायचंच असेल तर दोन दिवस आधी करा. त्या काळात एजंटांशी बोलणी करायला परवानगी असते, आणि मोठ्या बातम्या तेव्हाच फुटतात. दीड वाजता उरतात फक्त सह्या.

४. संघात किती खेळाडू, आणि सगळ्यांचेच पगार कॅपवर धरतात का?

उन्हाळ्यात ९०, ऑगस्टअखेर ५३, शिवाय सरावाच्या तुकडीत १६ जण. ऑफसीझनमध्ये कॅपवर फक्त सर्वात महागडे ५१ पूर्ण धरले जातात. म्हणून मे महिन्यात किमान पगारावर कुणाला घेतलं तरी संघाचा हिशेब जवळपास हलत नाही. तो ज्याला यादीतून खाली ढकलतो त्याचा पगार बाहेर पडतो.

५. करार २६.५ कोटींचा आणि कॅपवर ९० लाख? ही कसली जादू?

जादू नाही, साइनिंग बोनस. करारातल्या पैशाचे मुख्य प्रकार लक्षात ठेवले की बाकी सगळं सुटसुटीत होतं. मूळ पगार ज्या वर्षी मिळतो त्याच वर्षीच्या कॅपवर पडतो. साइनिंग बोनस खेळाडूच्या खिशात लगेच जातो, पण कॅपवर तो कराराच्या वर्षांत समान वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांत. ऑप्शन बोनसही (संघानं कराराची पुढची वर्षं चालू ठेवली की मिळणारा) असाच वाटला जातो. रोस्टर बोनस (ठरावीक तारखेला संघात असल्याबद्दल मिळणारा) मात्र वाटला जात नाही, ज्या वर्षी दिला त्याच वर्षी अख्खा पडतो.

त्यामुळे पहिल्या वर्षी मूळ पगार अगदी कमी ठेवायचा, बोनस मोठा द्यायचा आणि तो पुढे पसरवायचा. पर्डीचं तेच केलं. करार पाच वर्षांपेक्षा छोटा असेल तर शेवटी नुसत्या नावापुरती वर्षं जोडतात. त्यांना व्हॉइड वर्षं म्हणतात. खेळाडू त्या वर्षांत खेळणार नसतो, पण बोनसचा वाटा ठेवायला जागा मिळते.

याच संघानं नेमकं उलटही करून दाखवलंय. फेब्रुवारी २०१८ मध्ये क्वार्टरबॅक जिमी गारोपोलोला पाच वर्षांचा १३.७५ कोटींचा करार दिला, तेव्हा कॅप भरपूर मोकळी होती. म्हणून मोठा रोस्टर बोनस देऊन पहिल्याच वर्षी ३.७ कोटी डॉलर कॅपवर घेतले. पुढे त्याला सोडायची वेळ आली असती तरी मागे फारसं काही उरलं नसतं. आजही कुणी 'हुशार करार' म्हणालं की मला हाच आठवतो.

६. 'रिस्ट्रक्चर केला' अशी बातमी येते. म्हणजे खेळाडूनं पगार कमी करून घेतला का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की विचारू नका. रिस्ट्रक्चरमध्ये खेळाडूचा एक पैसाही कमी होत नाही, उलट वर्षभर मिळणारी रक्कम एकदम हातात पडते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका खेळाडूचा यंदाचा मूळ पगार २ कोटी १३ लाख आहे आणि करार अजून पाच वर्षं चालणार आहे. संघ त्यातले १३ लाख पगार म्हणून ठेवतो (जुन्याजाणत्या खेळाडूचं किमान वेतन २०२५ मध्ये १२ लाख ५५ हजार होतं, त्याखाली जाता येत नाही). उरलेले २ कोटी साइनिंग बोनस म्हणून लगेच देतो. ते पाच वर्षांत वाटले की वर्षाला ४० लाख. म्हणजे यंदा कॅपवर १३ अधिक ४०, एकूण ५३ लाख. यंदा १ कोटी ६० लाखांची जागा मोकळी झाली.

आणि पुढच्या चार वर्षांवर दर वर्षी ४० लाख वाढले. क्रेडिट कार्डाचं बिल हप्त्यांत फिरवण्यासारखंच हे, फक्त व्याज लागत नाही आणि कॅप दर वर्षी वाढत असल्यामुळे पुढचा हप्ता तुलनेनं हलका वाटतो. म्हणूनच हे सगळेच करतात. खेळाडू खरंच कमी पैशावर राजी झाला तर त्याला पे कट म्हणतात. तो क्वचित घडतो, आणि सहसा 'नाहीतर तुला सोडतो' या बोलीवर.

७. डीबो सॅम्युअलला वॉशिंग्टनला दिलं, पगार ते देणार, मग आपल्या कॅपवर ३ कोटी कसले?

ही डेड मनी. आधीच दिलेल्या पण कॅपवर अजून न मांडलेल्या बोनसची राहिलेली रक्कम. वरच्याच उदाहरणातला खेळाडू दोन वर्षांनी सोडला, तर उरलेल्या तीन वर्षांचे प्रत्येकी ४० लाख, एकूण १ कोटी २० लाख, त्याच वर्षी एकदम अंगावर येतात. तो संघात नाही, पण त्याचं नाव कॅपवर आहे.

डीबोनं २०२२ मध्ये तीन वर्षांचा ७.१५ कोटींचा करार वाढवून घेतला होता आणि त्यातले बोनस पुढे ढकललेले होते. मार्च २०२५ मध्ये त्याला वॉशिंग्टनला दिलं, बदल्यात मिळाला पाचव्या फेरीचा एक पिक (ड्राफ्टमध्ये निवड करायची एक संधी). पुढे ढकललेलं सगळं त्याच वर्षी वसूल झालं, ३ कोटींहून थोडं अधिक. तो संघात राहिला असता तर त्या वर्षी जवळपास निम्मेच लागले असते. एवढं मोजून पाचव्या फेरीचा पिक? असं म्हणणारे चिडले होते आणि चिडणं समजण्यासारखं आहे. पण ते ३ कोटी या ट्रेडची किंमत नव्हतेच. ते २०२२ ते २०२४ मध्ये त्याच्या खेळासाठी कधीच देऊन झाले होते, फक्त लिहायचे राहिले होते. २०२५ मध्ये प्रश्न एवढाच होता की त्याच्यावर आणखी नवे पैसे घालायचे का. मला उत्तर 'नाही' हेच योग्य वाटलं.

८. '१ जूननंतर' याचं एवढं महत्त्व का?

१ जूनच्या आधी खेळाडू सोडला तर सगळी डेड मनी त्याच वर्षी. नंतर सोडला तर यंदाचा वाटा यंदा, उरलेली पुढच्या वर्षी. प्रत्येक संघाला दोन खेळाडूंच्या बाबतीत अशी सवलत आहे की मार्चमध्येच सोडायचं, पण हिशेबापुरतं १ जूननंतर सोडलं असं धरायचं. ट्रेडला ही सवलत नाही. तो खरोखरच १ जूननंतर करावा लागतो. म्हणून डीबोची सगळी रक्कम २०२५ वरच पडली.

या नियमाचं सर्वात भारी उदाहरण नायनर्सचं नाही, डेन्व्हर ब्रॉन्कोसचं आहे: रसेल विल्सन, ८.५ कोटी डॉलर डेड मनी, ५.३ कोटी २०२४ मध्ये आणि ३.२ कोटी २०२५ मध्ये. त्याची आणखी एक गंमत प्रश्न १८ मध्ये.

९. सगळं पुढेच ढकलता येत असेल तर कॅप हे थोतांडच की!

हा प्रश्न नसतो, आरोप असतो, आणि वर्षातून निदान दोनदा होतो. अर्धा खरा आहे. एखाद्या वर्षी एखादा खेळाडू हवाच असेल तर कॅपमुळे तो घेता आला नाही असं जवळजवळ कधीच होत नाही. कॅप पैसे थांबवत नाही, ते कधी मोजायचे याची तारीख ठरवते.

पण तारीख येतेच. न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझच्या शेवटच्या वर्षांत सगळं पुढे ढकललं. तो २०२१ मध्ये निवृत्त झाला आणि त्यानंतरही संघ दर मार्चमध्ये त्याच त्या करारांची फिरवाफिरव करत राहिला. पुढच्या चार हंगामांत प्लेऑफ एकदाही नाही. फिलाडेल्फिया ईगल्सही व्हॉइड वर्षांचे दादा लोक, त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ हरवून सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकला. युक्ती तीच, मग फरक कुठे? ईगल्स तरुण खेळाडूंना लवकर आणि लांबचे करार देतात, म्हणजे पुढे ढकललेले पैसे फेडायच्या वर्षीही तो माणूस चांगला खेळत असतो. सेंट्सनी पस्तिशीकडे झुकलेल्यांवर उधारी केली.

आणखी एक अडथळा आहे, तो कॅपच्या कागदावर दिसत नाही: रोख. साइनिंग बोनस द्यायला मालकाच्या बँकेत पैसे लागतात, आणि गॅरंटी दिलेल्या रकमेपैकी मोठा भाग आधीच बाजूला ठेवावा लागतो. नायनर्सचा मालक जेड यॉर्क किती रोख सोडायला तयार आहे, हा आकडा कुठल्याही संकेतस्थळावर मिळत नाही, पण कॅपइतकाच तो खरा असतो.

१०. शेवटच्या क्रमांकावर निवडलेल्या पर्डीला एवढे पैसे कशाला?

कारण शेवटचा क्रमांक २०२२ मधला होता आणि करार २०२५ मधला. २६२ वा, म्हणजे त्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा खेळाडू. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूला तीन हंगाम होईपर्यंत करार बदलता येत नाही, या नियमामुळे २०२४ मध्येही त्याचा मूळ पगार ९ लाख ८५ हजार होता. त्या पगारात त्यानं संघाला फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलपर्यंत नेलं. तिथे कॅन्सस सिटीनं जादा वेळेत २५-२२ हरवलं, ते दुःख वेगळं.

क्वार्टरबॅकचा बाजारभाव त्याच सुमाराला ५ कोटींच्या वर गेला होता. २०२४ च्या उन्हाळ्यात ट्रेव्हर लॉरेन्स आणि जॉर्डन लव्ह दोघांना वर्षाला ५.५ कोटींच्या सरासरीनं करार मिळाले, डॅक प्रेस्कॉटला ६ कोटी. पर्डी ५.३ कोटींवर थांबला. '४ कोटींत गुंडाळायला हवं होतं' म्हणणाऱ्यांनी सांगावं, ४ कोटींत दुसरा कोण आला असता?

आणि हे करार लिहिणाऱ्या संघालाच क्वार्टरबॅक ट्रे लान्स आठवत असणार. २०२१ मध्ये त्याला घ्यायला पहिल्या फेरीचे तीन पिक गेले, २०२३ मध्ये तो चौथ्या फेरीच्या पिकावर डॅलसला गेला. हा एवढा मोठा फटका कुणाच्या लक्षातही राहिला नाही, कारण मध्येच ९ लाखांचा पर्डी सापडला. स्वस्तातल्या क्वार्टरबॅकनं तीन वर्षं बाकीच्या सगळ्या चुका झाकल्या. २०२५ पासून ती चैन संपली.

११. २०२५ मध्ये एवढे चांगले खेळाडू का जाऊ दिले? यॉर्क कंजूस झाला का?

यादी लांब आहे. चार्व्हेरियस वॉर्ड इंडियानापोलिसला गेला, एरन बँक्स चार वर्षांच्या ७.७ कोटींवर ग्रीन बेला, टलानोआ हुफांगा आणि ड्रे ग्रीनलॉ दोघेही डेन्व्हरला. जव्हॉन हारग्रेव्ह, लेनर्ड फ्लॉइड आणि मलीक कॉलिन्स यांना सोडलं. डीबोचं वर आलंच आहे. एका मार्चमध्ये अर्धा बचाव रिकामा.

पार्श्वभूमी अशी: २०२४ चा हंगाम ६-११ (६ विजय, ११ पराभव) असा गेला, विभागात शेवटचे. संघ म्हातारा होत चालला होता, पर्डीचा करार दाराशी उभा होता. ५ कोटींची शिल्लक हाताशी होती (प्रश्न १). तिच्यातून नवे खेळाडू न घेता त्यांनी बहुतांश जुनी देणी एकाच वर्षात उरकली. म्हणजे ६-११ नंतरचं वर्ष हिशेब साफ करायला वापरलं, आणि रोख खर्चालाही लगाम घातला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. कंजुषी की शहाणपण यावर भांडणारे दोघेही बरोबर आहेत.

पैसे बंद केले असंही नाही. एप्रिलमध्ये जॉर्ज किटलला चार वर्षांचे ७.६४ कोटी, मे महिन्यात पर्डी, आणि मग फ्रेड वॉर्नरला तीन वर्षांचे ६.३ कोटी. ज्यांच्याशिवाय संघ ओळखू येणार नाही ते ठेवले. ड्राफ्टमध्ये ११ खेळाडू घेतले, पहिले पाचही बचावाचे.

निकाल? १२-५. निक बोसा तिसऱ्याच आठवड्यात जखमी झाला, वॉर्नर ऑक्टोबरमध्ये जखमी झाला, पर्डीच्या पायाच्या अंगठ्यानं दगा दिला आणि माफक पैशात आणलेल्या मॅक जोन्सनं आठ सामन्यांपैकी पाच जिंकून दिले. तरीही मी जनरल मॅनेजर जॉन लिंच आणि मुख्य प्रशिक्षक काइल शॅनहन या जोडीला पैकीच्या पैकी देणार नाही. बँक्सला त्या किमतीत जाऊ दिलं ते ठीकच. हुफांगाला मात्र ठेवायला हवं होतं. आणि पास रशची (समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्यांची) बाजू इतकी उघडी ठेवली की बोसा पडल्यावर समोरचा क्वार्टरबॅक निवांत उभा राहून फेकायचा. प्लेऑफमध्ये सिॲटलनं ४१-६ नं धुतलं तेव्हा त्या मार्चची आठवण झालीच.

१२. कॅपमुळे नायनर्सनी केलेली सर्वात मोठी चूक कोणती?

बचाव फळीतल्या डीफॉरेस्ट बकनरला जाऊ देणं. यावर बे एरियातल्या कुठल्याही गणपतीच्या मांडवात, आरती होऊन प्रसाद हातात येईपर्यंत, तासभर वाद घालता येतो.

मार्च २०२० मध्ये संघ नुकताच सुपर बोल हरला होता, ३१-२०, पुन्हा कॅन्सस सिटीकडूनच. बकनर आणि अॅरिक आर्मस्टेड दोघांनाही मोठे करार द्यायची वेळ आली होती. संघानं आर्मस्टेडला पाच वर्षांचे ८.५ कोटी दिले आणि बकनरला तेराव्या क्रमांकाच्या पिकासाठी इंडियानापोलिसला दिलं. तिथे त्याला वर्षाला सुमारे २.१ कोटींचा करार मिळाला आणि त्याच हंगामात तो ऑल-प्रो (लीगमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) झाला. इकडे त्या पिकाच्या जोरावर जव्हॉन किनलॉ आला, गुडघ्यांनी त्याला कधी उभंच राहू दिलं नाही, आणि २०२४ मध्ये तो न्यूयॉर्क जेट्सला गेला.

कागदावर युक्तिवाद चोख होता: महाग खेळाडू द्या, त्याच जागी स्वस्त तरुण आणा, वाचलेला पैसा इतरत्र वापरा. गोम अशी की तो तरुण चांगला निघेल हे गृहीत धरलं होतं. कॅपच्या हिशेबात पगार पक्का असतो, खेळ पक्का नसतो.

१३. कोच दुसऱ्या संघात गेला की आपल्याला पिक कसे मिळतात?

कॉम्पेन्सेटरी, म्हणजे भरपाईचे, पिक दोन वाटांनी मिळतात. पहिली सरळ: तुमचे मुक्त झालेले खेळाडू मोठ्या करारावर बाहेर गेले आणि तुम्ही तसे बाहेरून घेतले नाहीत, तर पुढच्या वर्षी तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी जादा पिक. एका संघाला जास्तीत जास्त चार. संघानं सोडलेला खेळाडू यात धरत नाहीत, करार संपलेलाच धरतात. म्हणून वॉर्ड, बँक्स, हुफांगा, ग्रीनलॉ असे एकदम गेले की चाहते रडतात आणि जॉन लिंच कॅल्क्युलेटर काढतो.

दुसरी वाट २०२० मध्ये उघडली. अल्पसंख्याक समाजातला कोच किंवा अधिकारी दुसऱ्या संघाचा मुख्य प्रशिक्षक वा जनरल मॅनेजर झाला, तर त्याला घडवणाऱ्या संघाला दोन वर्षं तिसऱ्या फेरीचा एकेक पिक. रॉबर्ट सालेह, मार्टिन मेह्यू, माइक मॅकडॅनियल, डिमेको रायन्स, रान कार्थन: या नियमाचा नायनर्सइतका फायदा क्वचितच कुणी घेतला असेल.

१४. जाणाऱ्या खेळाडूला फ्रँचाइज टॅग लावून अडवता येत नाही का?

येतं, दर वर्षी एकालाच. त्या जागेवरच्या सर्वात महागड्या पाच पगारांच्या सरासरीएवढा एका वर्षाचा पगार द्यावा लागतो आणि तो अख्खा त्याच वर्षीच्या कॅपवर पडतो. १५ जुलैच्या सुमारास लांबच्या कराराची मुदत संपते. खेळाडूंना टॅग आवडत नाही: पिट्सबर्गच्या लेव्हियॉन बेलनं २०१८ मध्ये टॅगवर सहीच केली नाही, १.४५ कोटी डॉलर सोडले आणि वर्षभर घरी बसला. नायनर्सनी २०१९ मध्ये टॅग लावला तो किकर (पायानं चेंडू मारून गुण मिळवणारा) रॉबी गूल्डला. किकर स्वस्त असतात ना!

१५. कॅलिफोर्नियाचा कर एवढा असताना खेळाडू इथे येतातच कशाला? कॅपमध्ये त्याची सूट मिळते का?

सूट अजिबात नाही. राज्याचा वरचा दर १३.३ टक्के आहे. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा आयकरच नाही, पण डॅलस आणि मायामीला कॅप तेवढीच. मात्र फरक वाटतो तेवढा मोठाही नाही, कारण खेळाडूला जिथे जिथे खेळला त्या राज्यांतही दिवसांच्या हिशेबानं कर भरावा लागतो. नोकरीसाठी टेक्सासहून इकडे आलेल्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

१६. करार झाल्यावर खेळाडू जखमी झाला तर? गॅरंटी म्हणजे खरंच गॅरंटी का?

जखम झाली म्हणून गॅरंटी जात नाही. ब्रँडन आयुकनं ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांचा १२ कोटींचा करार केला आणि ऑक्टोबरमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध गुडघा मोडून घेतला. त्यामुळे त्याचे पैसे गेले नाहीत.

पण गॅरंटीला अटी असतात. कराराप्रमाणे उपचारांना, बैठकींना हजर राहणं हे त्यात येतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी आली की याच कारणावरून संघानं आयुकच्या २०२६ च्या गॅरंटी रद्द केल्या. म्हणून करार वाचताना एकूण आकडा सोडा. सहीच्या दिवशी पक्की झालेली रक्कम किती आणि पुढच्या गॅरंटी कोणत्या तारखेला पक्क्या होतात, ते बघा. याला सर्वात मोठा अपवाद म्हणजे क्लीव्हलँडनं २०२२ मध्ये डेशॉन वॉटसनला दिलेले २३ कोटी, शंभर टक्के गॅरंटीचे. त्या कराराकडे बघून बाकीच्या मालकांनी कानाला खडा लावला.

१७. कॅपचं गणित सांभाळणारे ते मराठे आपलेच का? आणि नायनर्सना कॅपवरून शिक्षा झाली होती म्हणतात, ते खरं का?

पराग मराठे २००१ पासून संघात आहेत आणि वर्षानुवर्षं नायनर्सचे मोठे करार त्यांनीच वाटाघाटी करून लिहिलेत. आडनाव वाचून ऊर भरून येणं साहजिक आहे. कॉलिन केपरनिकचा २०१४ चा करार लक्षात असेल: कागदावर १२.६ कोटींपर्यंत, पण बहुतेक गॅरंटी दर वर्षी एप्रिलमध्ये पक्की होणारी. संघाच्या बाजूनं एवढा झुकलेला क्वार्टरबॅक करार त्यानंतर मी तरी पाहिलेला नाही. आता ते इंग्लंडच्या लीड्स युनायटेडचे अध्यक्षही आहेत, आणि मधल्या काळात यूएसए क्रिकेटचंही अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं.

शिक्षेचं म्हणाल तर ती दोनदा झाली. २००० मध्ये, नव्वदच्या दशकातल्या करारांत कॅपचे नियम मोडल्याबद्दल संघाला दंड झाला आणि ड्राफ्टचे पिक गेले, जुन्या व्यवस्थापनातल्या अधिकाऱ्यांनाही दंड झाला. दुसऱ्यांदा मार्च २०२४ मध्ये. तेव्हा कॅप ओलांडलीच नव्हती. २०२२ च्या वर्षाअखेरीस पगाराच्या नोंदीत चूक राहिली होती, तेवढ्यावर २०२५ चा पाचव्या फेरीचा पिक गेला. अकाउंटंट मंडळींनी यावरून घरी फार बोलणी खाऊ नयेत.

यापेक्षा विचित्र प्रकरण डॅलस आणि वॉशिंग्टनचं. २०१० मध्ये कॅपच नव्हती, त्या वर्षात त्यांनी पगार कोंबले. नियम मोडला नाही तरी २०१२ मध्ये लीगनं डॅलसची १ कोटी आणि वॉशिंग्टनची ३.६ कोटींची कॅप कापून घेतली.

१८. आपण सोडलेल्या खेळाडूला दुसऱ्या संघानं घेतलं, तर आपले पैसे वाचतात का?

पगाराची गॅरंटी राहिली असेल आणि करारात ऑफसेटचं कलम असेल, तर दुसऱ्या संघानं दिलेली रक्कम वजा होते. साइनिंग बोनसला हे लागू नाही, तो दिला म्हणजे दिला (प्रश्न ७).

पण दुसरा संघही हुशार असतो. डेन्व्हरनं मार्च २०२४ मध्ये रसेल विल्सनला सोडलं तेव्हा त्या वर्षाचे ३.९ कोटी त्याला मिळणारच होते. पिट्सबर्गनं त्याला जास्त दिलं असतं तर वाचले असते फक्त डेन्व्हरचे, विल्सनला एक डॉलरही वाढून मिळाला नसता. म्हणून पिट्सबर्गनं त्याला किमान वेतनावर घेतलं, १२ लाख १० हजारांत. उरलेले ३ कोटी ७८ लाख डेन्व्हरनं दिले, आणि विल्सन खेळला मात्र पिट्सबर्गच्या पिवळ्या-काळ्या जर्सीत.